आयसीयूत पॅनेलवर प्रेशर ठीक, तरी व्हेंटिलेटर ओरडतात; त्यात नव्या मजल्याची गॅस लाइन निवडायची आहे

बायोमेडनवी

नमस्कार मंडळी. सहा महिन्यांपूर्वी मी १०० खाटांच्या हॉस्पिटलात बायोमेडिकल इंजिनिअर म्हणून रुजू झाले. व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप यांच्यात माझा हात बसलेला आहे. मेडिकल गॅस पाइपलाइन मात्र आधीचे इंचार्ज निवृत्त झाल्यावर एका चाव्यांच्या जुडग्यासकट माझ्या गळ्यात पडली. ड्रॉइंग नाही. एक वही आहे, तिच्यातली शेवटची नोंद "ओ-रिंग बदलली" एवढीच. कुठली, कुठे, देव जाणे.

आमच्याकडे लिक्विड ऑक्सिजनची टाकी, तिला राखीव म्हणून जंबो सिलिंडरचा मॅनिफोल्ड (एका लाइनीला जोडलेल्या सिलिंडरांच्या दोन बाजू), मेडिकल एअरचे दोन कॉम्प्रेसर (हवा थंड करून वाळवणारा रेफ्रिजरेटेड ड्रायर), सक्शनसाठी दोन व्हॅक्यूम पंप आणि नायट्रसचा, म्हणजे भुलीच्या वायूचा, छोटा मॅनिफोल्ड आहे. १२ बेडचं आयसीयू, दोन ओटी (ऑपरेशन थिएटर). आता ३० खाटांचा नवा मजला होतोय, त्यात ८ हाय डिपेन्डन्सीचे. तीन कोटेशनं टेबलावर पडली आहेत.

१. भिंतीवरचे गॅसचे आउटलेट जुन्याच पद्धतीचे घ्यावेत की वेगळ्या पद्धतीचे? दुसरा विक्रेता म्हणतो, "सगळं एकच असतं मॅडम, अडॅप्टर देतो." त्याचे दिसायला खरंच छान आहेत.
२. कॉम्प्रेसर ऑइल-फ्री की ऑइलवाला, आणि ड्रायर कोणता?
३. एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) नक्की काय लिहून घ्यावं?
४. हा प्रश्न खरेदीचा नाही, पण झोप उडवणारा आहे. आयसीयूत बेड ७ ते १२ वरचे व्हेंटिलेटर अधूनमधून "ऑक्सिजन सप्लाय लो" असा अलार्म देतात. मिनिट-दोन मिनिटं, मग आपोआप बंद. बहुतेक वेळा सकाळी दहाच्या सुमारास. मी धावत जाऊन गॅस अलार्मचं पॅनेल बघते तर ४.१ बार, दिवा हिरवा. व्हेंटिलेटर कंपनीचा माणूस आला, एका मशीनचा सेन्सर बदलून गेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मशीनने तेच केलं.

प्लांटरूमवाला

ताई, आधी चौथा. बाकीचे तीन थांबतील, हा थांबणार नाही.

एकाच रांगेतली सहा मशीनं आळीपाळीने तीच तक्रार करतात तेव्हा सेन्सर बदलायचे नसतात, भिंतीच्या आत बघायचं असतं. पॅनेलचा आकडा तुम्हाला पॅनेलच्या सेन्सरच्या जागी किती प्रेशर आहे एवढंच सांगतो. तो सेन्सर झोन व्हॉल्व्हच्या (एका भागाचा गॅस बंद करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आधी बसलाय की नंतर, हे आज शोधा. आधी असेल तर व्हॉल्व्हच्या पुढे काहीही होवो, दिवा हिरवाच राहणार. क्रिटिकल केअरमध्ये सेन्सर व्हॉल्व्हच्या पलीकडे, पेशंटच्या बाजूला हवा. बसवणारा कित्येकदा सोयीसाठी अलीकडेच जोडून मोकळा होतो.

हे मला कसं कळलं ते सांगतो, मान खाली घालून. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वॉर्डातला आउटलेट गळत होता म्हणून मी शेजारच्या वॉर्डाचा झोन व्हॉल्व्ह बंद केला. हो, शेजारच्या. लेबल चुकीचं होतं आणि मी ताडून पाहिलं नाही. पॅनेलवर हिरवा दिवा, मी निवांत. एका सिस्टरच्या लक्षात आलं की ह्युमिडिफायरच्या बाटलीतले बुडबुडे थांबलेत. तिने आरडाओरडा केला आणि मी व्हॉल्व्ह उघडला. पेशंटना काही झालं नाही, ते त्या सिस्टरमुळे. तेव्हापासून कुठल्याही नव्या ठिकाणी माझा पहिला प्रश्न सेन्सर कुठे आहे हा असतो.

आता मोजायचं कसं. बंद लाइनीतलं प्रेशर बघून काही कळत नाही. नळ बंद असताना अर्धा तुंबलेला पाइपही पूर्ण प्रेशर दाखवतो. प्रोबला (आउटलेटात बसणाऱ्या टोकाला) गेज आणि फ्लोमीटर असलेलं टेस्ट किट घ्या, ४० लिटर प्रति मिनिट सोडा आणि तेव्हाचा आकडा लिहा. बेड ३ आणि बेड १०, दोन्हीकडे. एकदा दुपारी शांत वेळी, एकदा सकाळी दहाला. आयएसओ ७३९६-१ या गॅस पाइपलाइनच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या हिशेबाने डिझाइन फ्लोला (लाइन जेवढ्या प्रवाहासाठी आखली तेवढा वाहताना) प्रेशर नेमलेल्या दाबाच्या १० टक्क्यांहून जास्त खाली जाता कामा नये. ४ बारची लाइन ३.६ च्या खाली गेली तर मध्ये कुठेतरी गळा आवळलेला आहे.

सकाळी दहाच का, याबद्दल माझा अंदाज: तेव्हा फिजिओथेरपी आणि सक्शन चालतं का? सक्शनच्या आधी सिस्टर व्हेंटिलेटरवर १०० टक्के ऑक्सिजनचं बटण दाबतात. सहापैकी चार बेडवर एकदम दाबलं की मागणी उसळते. शिवाय हाय फ्लो नेझल कॅन्युला (नाकातून मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन देणारी मशीनं) किती आहेत? एक मशीन ६० लिटर प्रति मिनिटाने पूर्ण ऑक्सिजनवर चाललं तर दिवसाला ८६,४०० लिटर वायू होतो. ७ घनमीटरच्या जंबो सिलिंडरच्या भाषेत बारा, लिक्विडच्या भाषेत साधारण १०० लिटर. एका पेशंटला! जुन्या लाइनी आखल्या तेव्हा हे प्रकरण कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

आणि कृपा करून एकट्याने कुठल्याही व्हॉल्व्हला हात लावू नका. माप आधी, हात नंतर.

आता पहिला प्रश्न. अडॅप्टर देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा. आउटलेटची सगळी रचनाच अशी असते की ऑक्सिजनचा प्रोब एअरच्या आउटलेटात जाऊच नये. अडॅप्टर म्हणजे त्या रचनेला मारलेलं भोक. रात्री अडीच वाजता कोणीतरी चुकीचा अडॅप्टर चुकीच्या जागी लावतो, आणि लावणारा दमलेला असतो, मूर्ख नसतो.

त्याहून मोठी गोम रंगांची आहे. आयएसओ पद्धतीत ऑक्सिजन पांढरा आणि व्हॅक्यूम पिवळा. अमेरिकन पद्धतीत ऑक्सिजन हिरवा, मेडिकल एअर पिवळी आणि व्हॅक्यूम पांढरा. म्हणजे एका मजल्यावर जो रंग बघून नर्स सक्शन लावते, त्याच रंगातून दुसऱ्या मजल्यावर हवा येणार. एका इमारतीत दोन पद्धती नकोत. जुनी पद्धत कितीही कंटाळवाणी दिसली तरी तीच पुढे न्या. बदलायचीच असेल तर सगळी इमारत एका दमात बदला.

ऑर्डर देण्याआधी एक कंटाळवाणं काम करा: हॉस्पिटलातले सगळे फ्लोमीटर, सक्शन रेग्युलेटर, व्हेंटिलेटरचे आणि भूल मशीनचे होज मोजा. त्या प्रत्येकाच्या टोकाला प्रोब आहे. वेगळे आउटलेट घेतले तर हे सगळे प्रोब बदलावे लागतात, आणि तो खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो.

आउटलेट हातात घेऊन विक्रेत्याला सांगा, पुढचा भाग उघडून दाखव. आत चेक व्हॉल्व्ह (प्रोब काढला की आपोआप बंद होणारा) असतो, आणि दाबाच्या गॅसला मेंटेनन्स व्हॉल्व्हही, म्हणजे सील बदलायला अख्खा वॉर्ड बंद करावा लागत नाही. त्याला स्वतःला उघडता आला नाही तर तुम्हाला येणार नाही. आणि सील किट दहा वर्षांनी मिळेल का, हे लेखी घ्या. आउटलेटचं सौंदर्य पहिल्या महिन्यापुरतं. त्यानंतर त्यावर चिकटपट्टीने कोणीतरी सूचना चिकटवतंच.

दुसरा प्रश्न. ऑइल-फ्रीच घ्या म्हणेन. ऑइलवाला चालवणारे देश आहेत आणि फिल्टर नीट बदलले तर तो चालतोही, पण "फिल्टर नीट बदलले तर" या चार शब्दांवर माझा विश्वास उरलेला नाही. युरोपियन फार्माकोपियाने मेडिकल एअरला घातलेली मर्यादा बघा: तेल प्रति घनमीटर ०.१ मिलिग्रॅम, कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएम (दहा लाखांत पाच भाग), कार्बन डायऑक्साइड ५०० पीपीएम, पाण्याची वाफ ६७ पीपीएम. रेफ्रिजरेटेड ड्रायर प्रेशरखाली जेमतेम ३ अंशांपर्यंतचा ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटू लागतं ते) देतो, त्यामुळे शेवटचा आकडा त्याच्याने गाठला जात नाही. डेसिकंट ड्रायर (ओल शोषणाऱ्या दाण्यांचा) उणे ४० च्या आसपास जातो. व्हेंटिलेटरच्या एअर इनलेटमध्ये पाणी सापडलं असेल तर तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

पण डेसिकंटला एक खोड आहे. हीटलेस (हीटर नसलेल्या) प्रकारचा असेल तर स्वतःला वाळवायला तो साधारण १५ टक्के हवा खातो. विक्रेता कॉम्प्रेसरची क्षमता सांगतो. तुम्ही ड्रायरच्या पुढे किती उरते ते विचारा. तीही एक कॉम्प्रेसर बंद धरून.

हवा कुठून ओढतो तेही बघा. मी एका ठिकाणी इनटेक आणि जनरेटरचा धुराडा एकाच भिंतीवर पाहिलाय. व्हॅक्यूम पंपाचा एक्झॉस्ट शेजारी असणं त्याहून वाईट: पेशंटच्या छातीतलं ओढून पेशंटच्याच नाकात.

एएमसीवर नंतर लिहितो, शिफ्ट संपली.

ब्रेझिंगवाला

वरच्या काकांनी प्लांटचं सांगितलं, मी पाइपाचं सांगतो. वीस वर्षं तांबंच जोडतोय.

पाइप साइटवर येतो तेव्हा दोन्ही टोकांना टोप्या हव्यात. ऑक्सिजनसाठी आतून ग्रीस काढलेला, म्हणजे डिग्रीज केलेला पाइप असतो, आणि टोपी पडली की ती सफाई गेली. टोपी नसलेला पाइप उतरवूनच घेऊ नका. "आम्ही फडक्याने पुसतो" म्हणणारे भेटतील. ऑक्सिजनच्या लाइनीत तेलाचा अंश आणि झटक्यात उघडलेला व्हॉल्व्ह एकत्र आले की आग लागते; ठिणगी लागत नाही, गॅस दाबला जाऊन जी उष्णता होते ती पुरते. म्हणून ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह नेहमी हळू उघडायचा, आणि नळवाल्याची साधी टेप-ग्रीस तिथे चालत नाही.

ब्रेझिंग (तांब्याचे सांधे तापवून जोडणं) करताना आतून नायट्रोजन वाहता हवा. नसेल तर तापलेल्या तांब्यावर आत काळा पापुद्रा धरतो. तो वर्षभराने सुटतो आणि आउटलेटच्या फिल्टरमध्ये, फ्लोमीटरमध्ये जाऊन बसतो. बाहेरून दोन्ही सांधे सारखेच चकचकीत दिसतात. त्यामुळे करारात घाला: तुम्ही बोट ठेवाल तो सांधा ठेकेदार कापून उभा चिरून दाखवेल. आत गुलाबी-लाल तांबं दिसलं तर काम खरं, काजळी दिसली तर त्या दिवसाचे सगळे सांधे पुन्हा. मी स्वतः पहिल्याच दिवशी एक कापून देतो, मग पुढे कोणी मागत नाही.

प्रेशर टेस्ट नायट्रोजनने किंवा स्वच्छ एअरने. ऑक्सिजनने कोणी करत असेल तर त्याला गेटाबाहेर काढा.

भिंती बंद व्हायच्या आत फोटो काढून ठेवा, शेजारी टेप धरून. ड्रॉइंग साहेब लोक नंतर करतात आणि त्यात पाइप सरळ जातो. खरा पाइप बीम आला की वळतो.

भूल_आणि_भान

मी भूलतज्ज्ञ. दोन गोष्टी, दोन्ही नायट्रसच्या.

पहिली: नव्या मजल्यावर नायट्रस नेण्याचा विचारही करू नका, आणि जमल्यास जुना मॅनिफोल्डही बंद करा. आपण आता तो किती वापरतो? ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांनी खरेदी केलेला नायट्रस आणि पेशंटला दिलेला नायट्रस यांचा मेळ घालून पाहिला, तेव्हा मोठा भाग लाइनीतून आणि मॅनिफोल्डमधून गळून जात होता असं निघालं. हा वायू वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७० पट भारी आहे. ज्यांना लागतो त्यांनी भूल मशीनच्या मागे छोटा सिलिंडर लावावा. तुमच्याकडे महिन्याला किती सिलिंडर बदलले जातात आणि ओटी रजिस्टरमध्ये किती केसेसला नायट्रस दिलाय, एवढं ताडून बघा. आम्ही पाहिलं तेव्हा आमच्याच विभागाला बोलायला तोंड उरलं नाही.

दुसरी: २०१६ साली सिडनीच्या बँक्सटाउन-लिडकोम्ब हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमधल्या नवजात बाळांच्या आउटलेटवर ऑक्सिजन लिहिलेलं होतं आणि आतून नायट्रस येत होता. लाइन आदल्या वर्षी बसवलेली. एक बाळ गेलं, दुसऱ्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. प्रेशर व्यवस्थित होतं. पॅनेलचा अलार्म प्रेशर ओळखतो, गॅस ओळखत नाही, हे आम्ही डॉक्टरही विसरतो.

तेव्हा नवा मजला ताब्यात घेताना प्रत्येक आउटलेटला ऑक्सिजन ॲनालायझर लावा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, "नमुन्यादाखल" नाही. त्याआधी क्रॉस-कनेक्शन टेस्ट: सगळ्या गॅसच्या लाइनी रिकाम्या करून एकाच लाइनीत दाब द्यायचा आणि बाकीच्या सगळ्या आउटलेटमधून काही येत नाही ना ते बघायचं, मग पुढची लाइन. मी स्वतः उभा राहतो. ठेकेदाराच्या कागदावर मी न बघता सही केली तर ती सही पेशंटच्या नातेवाइकांसमोर वाचावी लागेल, असं स्वतःला सांगतो.

फिजिओथेरपीचा अंदाज मला पटतो. सहाच्या सहा बेडना सक्शन एकदम चालतं का ते सिस्टर इंचार्जला विचारा, तिला मिनिटासकट माहीत असतं.

बायोमेडनवी

मंडळी, सापडलं! तुमच्या पाया पडते.

सिस्टर इंचार्ज म्हणाल्या, पावणेदहा ते सव्वादहा फिजिओ, आणि त्यात सगळ्यांना १०० टक्के देऊनच सक्शन. शिवाय ९ आणि ११ नंबरवर हाय फ्लो. बेड ३ ला ४० लिटर सोडल्यावर ४.० बार, सकाळीही आणि दुपारीही. बेड १० ला दुपारी ३.८. सकाळी दहाला ३.१! आणि तेव्हाही पॅनेलवर ४.१.

बेड १ ते ६ चा झोन व्हॉल्व्ह वेगळा आणि ७ ते १२ चा वेगळा आहे. सेन्सर दोन्हींच्या आधी, मेन लाइनवर. ७ ते १२ ची पेटी एका कपाटामागे होती. कपाट सरकवल्यावर दिसलं की पेटीवरून इलेक्ट्रिकलवाल्यांनी केबलची ट्रंकिंग नेली आहे. आतला लिव्हर त्या ट्रंकिंगला टेकलेला. पूर्ण उघडायला तो पाइपाच्या रेषेत यायला हवा, हा बिचारा मध्येच तिरका अडकलेला. कोणीतरी कधीतरी काम करून व्हॉल्व्ह उघडला असणार, लिव्हर थांबला तिथे "उघडला" समजून निघून गेला असणार.

वैद्यकीय संचालकांची लेखी परवानगी घेतली, सहाही बेडशेजारी रेग्युलेटर लावलेले भरलेले सिलिंडर उभे केले, प्रत्येक बेडला एक सिस्टर. इलेक्ट्रिशियनने ट्रंकिंग काढली आणि मी लिव्हर सावकाश रेषेत आणला. हात इतका थरथरत होता की सिस्टर हसल्या. आज सकाळी दहाला बेड १० वर ३.९, एकही अलार्म नाही.

आता माझी शंका: सेन्सर व्हॉल्व्हच्या पलीकडे हलवायला आयसीयू बंद ठेवावं लागेल का? आणि काका, एएमसी राहिली.

प्लांटरूमवाला

शाबास. ३.१ म्हणजे ४ च्या २० टक्क्यांहून जास्त खाली. सेन्सर पलीकडे असता तर पॅनेलनेच पहिल्या दिवशी बोंब मारली असती आणि व्हेंटिलेटरवाल्याचा फेरा वाचला असता. गेजचा काटा आळशी असतो, हेही लक्षात ठेवा. व्हेंटिलेटर श्वास देताना क्षणभर १०० लिटरच्या वेगाच्याही वर ओढतो, तेव्हाचं प्रेशर ३.१ पेक्षाही खाली गेलेलं असणार.

सेन्सर हलवायला दोन्ही झोन एकदम बंद करायची गरज नाही. सहा बेडचा एक झोन सिलिंडरवर घेऊन तिथे सेन्सरसाठी टॅपिंग (पाइपातून फाटा) काढायचं, तपासणी करून तो परत चालू झाला की दुसऱ्या दिवशी दुसरा. दोन सेन्सर, पॅनेलवर दोन वेगळे आकडे. पेशंट कमी असतील तो आठवडा बघा. या कामानंतर पुन्हा ॲनालायझर लागतोच, लाइन कापली की भूलवाल्या डॉक्टरांचा नियम लागू.

एएमसी. "तिमाही भेट" असं लिहिलेलं घेऊ नका, भेटीला येऊन माणूस सही करून जातो. काय करायचं ते लिहा. प्रत्येक आउटलेटचं प्रेशर फ्लो सोडून मोजायचं आणि बेड नंबरसकट आकडा द्यायचा. मॅनिफोल्ड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपोआप जातो का, ते मुद्दाम बाजू संपवून दाखवायचं. लिक्विड टाकी बंद धरून राखीव सिलिंडरवर हॉस्पिटल खरंच चालतं का, तेही. ही टेस्ट सगळे टाळतात, आणि जिथे टाळतात तिथले राखीव सिलिंडर मी रिकामे पाहिलेत. अलार्म प्रेशर पाडून वाजवायचा, टेस्ट बटण दाबून नाही. बटणाने फक्त दिवा आणि भोंगा जिवंत आहेत एवढंच कळतं. ड्यू पॉइंट मीटर आणि गेजचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र हवं. व्हॅक्यूमचे बॅक्टेरिया फिल्टर बदलताना हातमोजे, मास्क, आणि काढलेला फिल्टर जैववैद्यकीय कचऱ्यात.

व्हॅक्यूमबद्दल एक जास्तीचं: सक्शन कमी झालं की सगळे पंपाला शिव्या देतात. आधी आउटलेट बघा. जार भरून वाहेपर्यंत ठेवला, वरचा फिल्टर नसला, की स्राव थेट पाइपात जातो आणि वाळून दगड होतो. ते काम एएमसीवाल्याचं नाही, वॉर्डाचं आहे. सिस्टर इंचार्जशी आता तुमची ओळख झालीच आहे, त्यांच्याशी बोला.

गळती तुम्ही स्वतः बघा, फुकट आहे. मध्यरात्रीनंतर जो भाग रिकामा असेल, एखादी बंद ओटी म्हणा, त्याचा झोन व्हॉल्व्ह बंद करून एका आउटलेटला गेज लावा आणि तासाभराने काटा वाचा. आत पेशंट नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच, माझी गोष्ट वर लिहिलीच आहे.

आणि ते कपाट परत त्या पेटीसमोर जाणार. मी पैज लावतो, पंधरा दिवसांत. जमिनीवर पिवळा-काळा पट्टा मारून घ्या.

बायोमेडनवी

पट्टा आजच मारला. कपाट चाकांचं निघालं काका, चाकंही काढून टाकली.